नाव एकच, मशीनं अनेक: एनएफएसच्या हरवलेल्या लॉकचा शोध

आमच्याकडे रात्रंदिवस गणनेची कामं चालवणारी बरीच मशीनं आहेत आणि त्या सगळ्यांचा डेटा एका लिनक्स एनएफएस सर्व्हरवर आहे. एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरू देणारा प्रोटोकॉल; फाइली देणारा तो सर्व्हर, वापरणारा तो क्लायंट. अनेक वर्षं हा कारभार एनएफएसच्या आवृत्ती ३ वर चालला. दुखणं एकच होतं: लॉक, म्हणजे फाइल एका वेळी एकानेच बदलावी म्हणून धरलेला ताबा, अडकून राहायचे. एखादं मशीन काम करता करता बंद पडलं आणि पुन्हा उभं राहिलंच नाही, की त्याने धरलेला लॉक सर्व्हरवर तसाच राहायचा. पुढची कामं त्या लॉकसाठी ताटकळत बसायची आणि शेवटी कुणीतरी सर्व्हरवर लॉगिन करून तो मोकळा करायचं. याला कंटाळून आम्ही आवृत्ती ४.१ वर जायचं ठरवलं. त्या स्थलांतरात क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांबद्दल नेमकं काय लक्षात ठेवतात हे मला तळापासून बघावं लागलं.

आवृत्ती ३ (आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक १८१३, जून १९९५) ही मुळात काहीही लक्षात न ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी आखलेली आहे. तिच्यात फाइल उघडण्याची विनंतीच नाही. क्लायंट दर वेळी फाइल हँडल (सर्व्हरने फाइलला दिलेली खूण), कुठून वाचायचं आणि किती वाचायचं हे सगळं स्वतःच सांगतो. सर्व्हर उत्तर देतो आणि विसरून जातो. त्यामुळे सर्व्हर रीबूट झाला तरी क्लायंटला फक्त उत्तर मिळायला उशीर होतो. तो तीच विनंती पाठवत राहतो, सर्व्हर उठतो, काम पुढे सरकतं. ही रचना मला आजही फार देखणी वाटते.

पण आठवण ठेवल्याशिवाय पूर्ण भागत नाही, आणि ती वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आत शिरते. फाइल पुसण्याची विनंती घ्या. सर्व्हरने फाइल पुसली, पण उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटने पुन्हा विचारलं तर 'अशी फाइलच नाही' असं उत्तर येणार, म्हणजे यशस्वी झालेलं काम अयशस्वी दिसणार. म्हणून सर्व्हर अलीकडच्या विनंत्यांची उत्तरं मेमरीत जपून ठेवतो आणि तीच विनंती पुन्हा आली तर जुनं उत्तर देतो. ही कॅश मर्यादित असते आणि रीबूटमध्ये पुसली जाते, म्हणजे तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. लिहिण्याचंही तसंच. आवृत्ती ३ मध्ये सर्व्हर डेटा डिस्कवर न टाकताच 'मिळाला' म्हणू शकतो, मात्र सोबत आठ बाइटचा एक व्हेरिफायर, म्हणजे ओळखीचा आकडा, देतो. पुढे 'कमिट' करताना, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का करायला सांगताना, तो व्हेरिफायर बदललेला दिसला तर क्लायंटला कळतं की मधे सर्व्हर मरून पुन्हा जन्माला आला, आणि तो सगळं परत पाठवतो. 'समोरचा तोच आहे की नव्याने उठलाय?' हा प्रश्न इथे पहिल्यांदा दिसतो. पुढे सगळीकडे तोच भेटत राहिला.

लॉकसाठी आवृत्ती ३ च्या बाजूला दोन वेगळे प्रोटोकॉल चालतात: लॉक मागण्यासाठी एनएलएम आणि रीबूटची खबर देण्यासाठी एनएसएम. कोणाकोणाकडे लॉक आहेत याची यादी डिस्कवर असते. जो रीबूट होतो तो उठल्यावर यादीतल्या सगळ्यांना कळवतो. सर्व्हर उठला तर क्लायंट आपले लॉक परत मागतात, क्लायंट उठला तर सर्व्हर त्याचे जुने लॉक सोडतो. यात जो उठलाच नाही त्याची खबर कोण देणार? कुणीच नाही. आमचं दुखणं ते हेच.

आवृत्ती ४ ने हे सगळं मुख्य प्रोटोकॉलमध्ये घेतलं आणि मुदत बांधली. क्लायंटची सगळी स्टेट, म्हणजे उघडलेल्या फाइली, लॉक, डेलिगेशन (सर्व्हरला दर वेळी न विचारता फाइल हाताळायची क्लायंटला दिलेली मुभा), एका लीजवर टांगलेली असते. लीज संपली की सर्व्हरला ती स्टेट काढून टाकायचा अधिकार मिळतो. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. आम्ही ४.० वगळून थेट ४.१ घेतली (आरएफसी ५६६१, २०१०; आताची सुधारित प्रत आरएफसी ८८८१, २०२०). ४.० मध्ये डेलिगेशन परत मागायला सर्व्हर स्वतः क्लायंटकडे वेगळं कनेक्शन उघडतो, आणि आमच्या मधल्या फायरवॉलमधून ते जात नव्हतं. ४.१ मध्ये उलटा निरोप क्लायंटने उघडलेल्या कनेक्शनवरूनच येऊ शकतो.

प्रत्यक्ष बदलाआधी मी एक सर्व्हर आणि दोन क्लायंट अशी व्हर्च्युअल मशीनं उभी केली आणि टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो. ज्याला हा विषय समजून घ्यायचाय त्याने आरएफसी वाचण्याआधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे. ४.१ चा दस्तऐवज सहाशे पानांच्या वर जातो, तर माउंटची, म्हणजे सर्व्हरवरची डिरेक्टरी क्लायंटला जोडण्याची, सुरुवात काही मोजक्या पॅकेटांत डोळ्यांसमोर उभी राहते.

पहिलं पॅकेट 'एक्सचेंज आयडी'. यात क्लायंट दोन गोष्टी सांगतो: स्वतःचं नाव आणि आठ बाइटचा व्हेरिफायर. नाव रीबूटनंतरही तेच राहायला हवं, व्हेरिफायर मात्र दर बूटला बदलायला हवा. लिनक्सच्या क्लायंटचं नाव काही खास सोय केलेली नसेल तर अगदी साधं असतं: 'लिनक्स एनएफएसव्ही४.१' आणि पुढे मशीनचं होस्टनेम. व्हेरिफायर बूटच्या वेळेवरून बनतो. सर्व्हर उत्तरात ६४ बिटांचा क्लायंट आयडी देतो. मग 'क्रिएट सेशन': १६ बाइटचा सेशन आयडी आणि काही स्लॉट मिळतात. यापुढच्या जवळपास प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला 'सीक्वेन्स' असतो: कोणतं सेशन, कितवा स्लॉट, त्या स्लॉटवरचा कितवा क्रमांक. सर्व्हर प्रत्येक स्लॉटचं शेवटचं उत्तर राखून ठेवतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता राखलेलं उत्तर देतो, आणि क्रमांक एकाने पुढचा असेल तरच नवं काम करतो. आवृत्ती ३ च्या अंदाजपंचे कॅशची जागा इथे काटेकोर हिशेबाने घेतली आहे. किती उत्तरं जपायची हे दोघांनी आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे 'ते उत्तर कॅशमधून निघून गेलं' अशी सबब उरत नाही. सेशनची ही कल्पना मला ४.१ मधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

फाइल उघडली की स्टेट आयडी मिळतो, १६ बाइटचा. त्यातले पहिले चार बाइट हा वाढत जाणारा क्रमांक आणि उरलेले बारा बाइट सर्व्हरच्या मर्जीचे. लिनक्सचा सर्व्हर त्या बारा बाइटांत क्लायंट आयडी घालतो, आणि त्या क्लायंट आयडीत स्वतःच्या सुरू होण्याची वेळ. त्यामुळे रीबूटआधीचा आयडी कुणी आणला तर तो आपल्या आधीच्या जन्मातला आहे हे सर्व्हरला जुनं काहीही आठवत नसताना नुसत्या आकड्यावरून कळतं.

क्लायंटला काही काम नसेल तेव्हा वायरवर सामसूम असते, आणि दर ६० सेकंदांनी एकटा 'सीक्वेन्स' जातो. लीजच्या दोन तृतीयांश वेळ सरली की लिनक्सचा क्लायंट ती अशी ताजी करतो.

मग सर्व्हर रीबूट करून पाहिला. एका क्लायंटवर फाइलचा लॉक धरून ठेवला होता. सर्व्हर उठल्यावर क्लायंटच्या 'सीक्वेन्स'ला उत्तर आलं: 'बॅड सेशन'. त्याने जुन्या क्लायंट आयडीवर नवं सेशन मागितलं, उत्तर 'स्टेल क्लायंट आयडी'. इथे क्लायंटला उमगलं की सर्व्हर नव्याने उठलाय. पुन्हा 'एक्सचेंज आयडी', पुन्हा 'क्रिएट सेशन', आणि मग दावे: ही फाइल माझ्याकडे उघडी होती, हा लॉक माझा होता. सगळे दावे झाल्यावर 'रीक्लेम कम्प्लीट'. तेवढ्या काळात दुसऱ्या क्लायंटने नवा लॉक मागून पाहिला, तर सर्व्हर त्याला 'ग्रेस' हे उत्तर देऊन थांबवत राहिला. जुन्या धारकांना आपलं परत घेऊ द्यायचं, तोवर नव्यांना काही द्यायचं नाही, असा हा ग्रेस पिरियड. लॉक धरून बसलेल्या प्रोग्रामला यातलं काहीही कळलं नाही. त्याचं लिहिणं जरा थांबलं आणि पुढे सुरू झालं.

एक शंका मात्र मला छळत होती. सर्व्हर सगळं विसरून उठतो आणि क्लायंट म्हणतो, 'लॉक माझा होता'. हे त्याने खरं कशावरून मानायचं? क्लायंट मुद्दाम खोटं बोलेल असं नाही, पण त्याची समजूत शिळी असू शकते. समजा 'अ'कडे लॉक आहे आणि त्याचं नेटवर्क तुटलं. लीज संपली, सर्व्हरने तो लॉक 'ब'ला दिला. 'ब'ने फाइल बदलली आणि लॉक सोडला. मग सर्व्हर रीबूट झाला आणि नेमकं तेव्हा 'अ'चं नेटवर्क जोडलं गेलं. 'अ'च्या लेखी लॉक अजून त्याचाच. ग्रेस पिरियड चालू आहे, तो दावा करणार, आणि लॉक मोकळा असल्याने सर्व्हरला नाही म्हणायला मेमरीत काहीच आधार नाही. दावा मान्य झाला तर 'अ' जुन्या डेटावर बेतलेलं काहीतरी 'ब'च्या कामावर लिहून ठेवणार.

म्हणून सर्व्हरला थोडी आठवण डिस्कवर ठेवावीच लागते. प्रत्येक लॉकची नाही, फक्त कोणत्या क्लायंटकडे वैध स्टेट आहे एवढ्याची. लिनक्समध्ये हे काम एनएफएसडीसीएलडी नावाची डीमन (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम) करते आणि नोंदी एका छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवते. 'अ'ची लीज संपवून लॉक 'ब'ला देताना त्या यादीतून 'अ'चं नाव जातं, आणि रीबूटनंतर यादीत नाव नसलेल्याचा दावा फेटाळला जातो. मी आयपीटेबल्स या फायरवॉलच्या साधनाने 'अ'ची वाट बंद करून हा सगळा क्रम जुळवून आणला. सर्व्हरने दावा नाकारलेला पॅकेटमध्ये दिसला तेव्हा हा कारभार आपला डेटा सोपवण्याच्या लायकीचा आहे, अशी माझी खात्री पटली.

या चाचण्यांत एक गोष्ट कर्नलगणिक, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीगणिक, वेगळी दिसली. जुन्या कर्नलवर ९० सेकंदांहून जास्त वेळ तुटलेला क्लायंट परत आला की त्याचे लॉक गेलेले असायचे, मग ते दुसऱ्या कुणी मागितले असोत वा नसोत. ५.१९ पासून लिनक्सचा सर्व्हर सौजन्य दाखवतो: लीज संपली तरी कुणी आड येईपर्यंत, जास्तीत जास्त एक दिवस, स्टेट राखून ठेवतो. दुसऱ्याने तोच लॉक मागितला की मात्र जुन्याचा हक्क संपतो. नेटवर्कला अधूनमधून झटके बसणाऱ्या जागी या बदलाचा फार उपयोग होतो.

एवढं सगळं पाहून आम्ही स्थलांतर केलं. अडकलेल्या लॉकची तक्रार बंद झाली. पण काही दिवसांनी दुसरीच सुरू झाली: काही कामं मध्येच इनपुट-आउटपुट एररने मरू लागली. डिस्क ठणठणीत, नेटवर्क ठणठणीत, सर्व्हरवर भार नाही. मरणारी कामं ठरावीक मशीनांच्या गटावरची आणि सगळी लॉक वापरणारी. त्याच मशीनांवर लॉक न वापरणारी कामं फक्त मधूनमधून थबकायची. क्लायंटच्या कर्नल लॉगमध्ये लॉक परत मिळवता आला नाही असा संदेश होता. म्हणजे क्लायंट सर्व्हर रीबूट झाल्यासारखा वागत होता, आणि सर्व्हर तर मुळीच रीबूट झाला नव्हता.

कर्नल ५.३ पासून सर्व्हरवर प्रॉक फाइलसिस्टीममध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागी) एनएफएसडीखाली 'क्लायंट्स' नावाची डिरेक्टरी मिळते. प्रत्येक क्लायंटची तिच्यात एक क्रमांकाची डिरेक्टरी, आत 'इन्फो' फाइल: क्लायंट आयडी, पत्ता, नाव, आवृत्ती. शिवाय 'स्टेट्स' फाइलमध्ये त्याने उघडलेल्या फाइली आणि धरलेले लॉक. मी आधी डिरेक्टऱ्या मोजल्या. माउंट केलेल्या मशीनांपेक्षा त्या कमी भरल्या. मग 'इन्फो' फाइली दर सेकंदाला छापत ठेवल्या. बाकीच्या नोंदी स्थिर होत्या. एक नोंद मात्र सारखी नाहीशी होऊन नव्या क्रमांकाने उगवत होती. नाव दर वेळी तेच, पत्ता दर वेळी वेगळा, क्लायंट आयडी वाढत जाणारा.

टीसीपीडम्पमध्ये पुढचं चित्र उघड झालं. पहिलं मशीन 'एक्सचेंज आयडी' पाठवतं, नाव अमुक, व्हेरिफायर स्वतःचा. दुसरं मशीन पाठवतं, नाव तेच, व्हेरिफायर वेगळा. सर्व्हरच्या दृष्टीने याचा अर्थ एकच निघतो: तो क्लायंट रीबूट झाला. मग जुन्या जन्माची स्टेट ठेवून काय करायची? तो ती टाकतो, आणि नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर आहे. पहिल्या मशीनला पुढच्या 'सीक्वेन्स'वर 'बॅड सेशन' मिळतं, ते पुन्हा ओळख देतं, आणि आता दुसऱ्याची स्टेट जाते. दोन्ही मशीनं आळीपाळीने एकमेकांना हाकलत होती आणि दोघांनाही वाटत होतं की सर्व्हर सारखा मरतोय. हाकललेला क्लायंट दावा करायला जातो, पण सर्व्हर ग्रेसमध्ये नसतो, म्हणून 'नो ग्रेस' मिळतं. तो फाइली नव्याने उघडतो, त्यामुळे साधी कामं तगून जातात. लॉक मात्र तो परत घेत नाही. लॉक हरवल्याची खूण करतो आणि त्या फाइलवरच्या वाचण्या-लिहिण्याला एरर देतो.

पण होस्टनेम तर सगळ्यांची वेगळी होती! प्रत्येक मशीनवर जाऊन पाहिलं, होस्टनेम सांगणारी आज्ञा वेगवेगळं नाव दाखवत होती. उलगडा बूटच्या क्रमात सापडला. ही मशीनं एकाच साच्यातून काढलेली होती. बूट होताना आधी साच्यातलं नाव लागायचं, लगेच एनएफएस माउंट व्हायचं, आणि खरं होस्टनेम त्यानंतर नेटवर्ककडून मिळायचं. एनएफएसच्या क्लायंटने आपलं नाव माउंटच्या क्षणी घेऊन ठेवलेलं. नंतर होस्टनेम बदललं तरी त्याला त्याचा पत्ता नाही. आवृत्ती ३ च्या मुख्य प्रोटोकॉलला क्लायंटचं नाव लागतच नव्हतं, म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

केर्बेरोस (गुप्त किल्ल्यांनी ओळख पटवणारी पद्धत) असतं तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तिथे प्रत्येक मशीनचा प्रिन्सिपल, म्हणजे पडताळलेली ओळख, वेगळा असतो. दुसरं मशीन तेच नाव घेऊन आलं आणि पहिल्याकडे स्टेट असली तर सर्व्हर त्याला 'हे नाव वापरात आहे' असं सांगून परत पाठवतो. साध्या युझर आयडीवर चालणाऱ्या जागी दोन्हीकडून रूट हा मुख्य युझरच बोलत असतो, त्यामुळे सर्व्हरला फरक करायला काही हातात राहत नाही.

मूळ कारण हाती लागायच्या आधी, कामं पडत होती तेव्हा, माझा सहकारी म्हणाला होता, "अरे, हरवलेले लॉक परत घ्यायचा तो पर्याय आहे ना क्लायंटवर, तो चालू करून टाक. निदान कामं तरी पडायची थांबतील."

पर्याय खरोखर आहे, आणि मुळात तो बंद असतो. मी म्हटलं, "कामं थांबतील पडायची, पण मधल्या वेळात दुसऱ्या कुणी लॉक घेऊन फाइल बदलली असेल तर आपल्याला कधीच कळणार नाही. निकाल चुकीचे येतील आणि आपण ते बरोबर समजून पुढे वापरू."

त्यालाही ते पटलं. एररने मेलेलं काम पुन्हा चालवता येतं. लॉक नसताना लॉक असल्यासारखं लिहून गेलेला प्रोग्राम शोधायचा कुठून? क्लायंटचं मुळातलं वागणं इथे कठोर आहे आणि ते तसंच असायला हवं. हा पर्याय सरसकट चालू करण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका.

दुरुस्तीसाठी लिनक्सच्या एनएफएस मॉड्यूलला (कर्नलच्या एनएफएस सांभाळणाऱ्या भागाला) 'एनएफएस४ युनिक आयडी' नावाचा पॅरामीटर आहे. त्यात दिलेली अक्षरं क्लायंटच्या नावाला जोडली जातात. तिथे काय द्यायचं याचा नीट विचार करावा लागतो, कारण ते प्रत्येक मशीनला वेगळं तर हवंच, शिवाय त्याच मशीनच्या दर बूटला तेच हवं. दर बूटला नवा यादृच्छिक आकडा दिला तर वरवर सगळं चालतं. पण मशीन रीबूट होऊन आलं की सर्व्हर त्याला अनोळखी समजतो. त्याच मशीनचे आधीचे लॉक लगेच सुटत नाहीत आणि ते स्वतःच्याच जुन्या लॉकमागे अडून राहतं, लीज संपेपर्यंत. नाव तेच आणि व्हेरिफायर नवा असेल तरच सर्व्हर जुनं ताबडतोब सोडतो.

आम्ही मशीन आयडी (लिनक्स मशीनवर एका फाइलमध्ये असलेला त्याचा कायमचा क्रमांक) वापरायचं ठरवलं, आणि तो लावायच्या आधी सगळ्या मशीनांवरचे आयडी एकत्र करून पाहिले. ते सारखे निघाले, कारण साच्यात मशीन आयडीची फाइल भरलेली होती. साच्यात ती रिकामी ठेवली की पहिल्या बूटला प्रत्येक मशीन स्वतःचा आयडी बनवतं आणि पुढे तोच ठेवतं. साचा दुरुस्त केला, चालू मशीनांवर नवे आयडी बनवले, पॅरामीटर लावला आणि गटातली मशीनं एकेक करून रीबूट केली. तेवढं पुरलं. 'क्लायंट्स' डिरेक्टरीतल्या नोंदी माउंटइतक्या झाल्या आणि तिथलं उगवणं-मावळणं थांबलं.

कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्राममध्ये, हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचा (नेटवर्कच्या अशा वेगळ्या कप्प्याचा) एनएफएस क्लायंट स्वतंत्र असतो, आणि मॉड्यूलचा पॅरामीटर सगळ्यांना सारखाच लागू होतो. त्यासाठी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत) प्रत्येक नेमस्पेसला वेगळी 'आयडेंटिफायर' फाइल आहे, तिच्यात पहिल्या माउंटआधी नाव लिहावं लागतं. माउंट झाल्यावर लिहून उपयोग नाही. आम्ही कंटेनरच्या आतून माउंट करणंच बंद केलं आणि यजमान मशीनवर माउंट करून डिरेक्टरी आत दिली. सरसकट सगळ्यांना हे जमेल असं नाही, पण जमत असेल तर डोक्याचा एक ताप कमी होतो.

या खटाटोपात लोकांनी वारंवार विचारलं ते वेगळंच: आता सर्व्हरला उघड्या फाइली कळतात, तरी डिरेक्टरीत 'डॉट एनएफएस'ने सुरू होणाऱ्या विचित्र फाइली का दिसतात? उघडी असलेली फाइल कुणी पुसली की क्लायंट ती खरोखर न पुसता तिचं नाव बदलतो आणि शेवटचा वापर संपल्यावर पुसतो. ही स्टेट नसलेल्या काळातली युक्ती आहे. लिनक्सचा क्लायंट ती ४.१ वरही वापरतो. त्या फाइली हाताने पुसू नयेत, एवढं सांगून मी तो विषय संपवला.

शेवटचं काम होतं जोडीच्या सर्व्हरचं. आमचा सर्व्हर पडला तर दुसरा त्याचा पत्ता घेऊन उभा राहतो आणि डिस्क आपल्याकडे ओढून घेतो. क्लायंटच्या दृष्टीने हा निव्वळ रीबूट. पण पहिल्या चाचणीत दुसऱ्या सर्व्हरने सगळ्यांचे दावे फेटाळले. डेटाची डिस्क सामायिक होती, क्लायंटच्या नोंदींचा डेटाबेस मात्र पहिल्याच्या स्थानिक डिस्कवर राहिला होता. दुसऱ्याला कुणाचीच ओळख नव्हती आणि अनोळखी माणसाचा दावा न मानणं हे त्याचं कर्तव्यच. एनएफएसडीसीएलडीची डिरेक्टरी सामायिक डिस्कवर हलवली, आणि ती डिस्क लागल्यावरच डीमन सुरू होईल असा क्रम बांधून दिला. पुढच्या चाचणीत सर्व क्लायंटनी आपापले लॉक परत घेतले.

ग्रेस पिरियड तेव्हाही पूर्ण ९० सेकंद चालला. यादीतल्या सगळ्यांनी 'रीक्लेम कम्प्लीट' पाठवलं की लिनक्सचा सर्व्हर ग्रेस लवकर संपवू शकतो, पण एक जुनं मशीन अजून ४.० वर होतं आणि ४.० मध्ये 'माझे दावे संपले' असं सांगायची सोयच नाही. त्याच्यापायी बाकीचे सगळे थांबून राहत होते. त्या मशीनवरचं सॉफ्टवेअर नव्या कर्नलवर चालतंय का, हे सध्या तपासतोय.